काळं रान, माळरान आणि एकच शिराझ : यंदाच्या नोंदी

२२ सप्टेंबर

यंदा दोन्ही प्लॉटची शिराझ, म्हणजे लाल वाईनची द्राक्षं, एकत्र करायची नाही असं ठरलं, अर्थात घरात भरपूर वाजल्यावर. दादाचं म्हणणं एवढ्याशा मालाला दोन टाक्या कशाला अडवायच्या. माझं म्हणणं की आपण दरवर्षी सगळा माल एकत्र चिरडतो, मग वाईन फिकी झाली की मातीला शिव्या आणि चांगली झाली की यीस्टचं कौतुक, पण नक्की कशानं काय होतं ते असं कधीच कळणार नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "करू दे तिला, टाकीचं भाडं मी देतो." संपला विषय.

माहितीसाठी लिहून ठेवते. वरचा प्लॉट सांगली जिल्ह्यात मणेराजुरीकडं माळावर, मुरमाड. खालचा येरळा नदीच्या बाजूला, काळं रान. दोन्हीकडं शिराझच. फक्त खुंट वेगळे, म्हणजे ज्या मुळाच्या वेलीवर शिराझचं कलम केलंय ती : वरच्या वेली ११० आर खुंटावर आहेत आणि खालच्या डॉगरिजवर. हे पुढं लागणार आहे.

वाईन घरात होत नाही, तशी करता पण येत नाही, एक्साइजचं लायसन लागतं. मावसभावाची पलूसकडं छोटी लायसनवाली वायनरी आहे, तिथं दोन टाक्या आणि बॅरल ठेवायला कोपरा भाड्यानं घेतो. काम मात्र सगळं आमचंच, त्याचा माणूस फक्त रजिस्टर लिहितो.

आणि ही बाग आली कुठनं, तर २००१ ला सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडं विंचूरला आणि आपल्याकडं पलूसला वाईन पार्क काढले, त्या लाटेत अण्णांनी करारावर लावली. मग २००८-०९ च्या मंदीत करारवाल्या कंपनीनं माल उचलायचा बंद केला, नंतर फोन पण उचलायचा बंद केला. शेजाऱ्यांनी वाईनच्या बागा उपटून थॉमसन, माणिक चमन ही खाण्याची-बेदाण्याची द्राक्षं लावली. अण्णांनी निम्मी ठेवली. का ठेवली ते अजून सांगत नाहीत. घर चालतं ते थॉमसनच्या बेदाण्यावर आणि तासगावच्या सौद्यावर, वाईन हा नाद आहे हे आधीच कबूल.

३ ऑक्टोबर

छाटणीच्या आधी दोन्हीकडं कंबरभर खोल खड्डे घेतले.

खालच्या खड्ड्यात वरून खालपर्यंत काळी चिकणमाती. वरचा थर ओला, हातात घेऊन वळली की सुतळीसारखी लांब वळते, तुटत नाही. खाली पांढरे चुनखडीचे खडे. त्यावर घरातलं व्हिनेगर ओतलं तर लगेच फसफसलं. मुळ्या बघितल्या तर जाड मुळ्या वरच्या दीड-दोन फुटातच, आणि जिथं उन्हाळ्यात भेगा पडतात तिथं बारीक मुळ्या तुटून वाळलेल्या. ही माती स्मेक्टाइट जातीची, पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. आकसताना मुळ्या ओढून तोडते.

वरच्या खड्ड्यात फूटभर तांबूस माती, मग मुरूम, मग अर्धवट कुजलेला बेसाल्ट. पहारीनं फोडावं लागलं. पण मुळ्या बघा कुठं गेल्यात, दगडाच्या फटीत, चपट्या होऊन, पार खड्ड्याच्या तळापर्यंत. व्हिनेगर टाकलं, काही झालं नाही.

गंमत म्हणजे दोन्ही एकाच दगडाची. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो जागेवर कुजला की मुरूम, आणि त्याचा बारीक गाळ वाहून सखलात साठला की काळी माती. मधे जेमतेम काही किलोमीटर.

कुणी म्हणेल काळ्या रानात चांगली वाईन होतच नाही, तर तसं पण नाही. फ्रान्समधे बोर्दोकडं पोमेरोलला शॅटो पेत्रुसची निळसर चिकणमाती जगात नावाजलेली आहे, ती पण स्मेक्टाइटचीच. पण तिथं ती उंचवट्यावर आहे, जादा पाणी वाहून जातं, शिवाय तिथं मेर्लो जातीचं द्राक्ष आहे, आणि हवा तर विचारूच नका. नुसती मातीची जात सांगून काही होत नाही.

माती परीक्षणाचा रिपोर्ट पण आला. खालची पीएच ८.३, मुक्त चुना भरपूर, पोटॅश "अत्यंत जास्त". वरची ७.४, पोटॅश मध्यम.

५ ऑक्टोबर

छाटणी झाली दोन्हीकडं एकाच दिवशी, डोळे फुटायची पेस्ट पण लगेच. पाठ गेली. एवढंच.

१८ नोव्हेंबर

फुलोरा. पानांचे देठ परीक्षणाला दिले दोन्ही प्लॉटचे. खालच्या काळ्या रानातल्या वेलींना फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) एवढ्या की आत्या दोन बायका घेऊन काढतेय तरी मागनं परत येतातच. डॉगरिजचा जोरच तसा. आपल्याकडं तो आला खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून, टेक्सासचा रानटी वेल, टी. व्ही. मनसननं निवडलेला. थॉमसनला लय भारी, दहा-बारा टन काढायचं तर जोर पाहिजेच. पण वाईनच्या द्राक्षाला एवढा जोर म्हणजे पानांची झोपडी आणि आत घड अंधारात.

३० नोव्हेंबर

देठाचा रिपोर्ट. खालच्या प्लॉटमधे पोटॅश वरच्याच्या जवळपास दीडपट.

आता इथं दादाशी वादावादी. खाण्याच्या द्राक्षाला मण्यात पाणी उतरायला लागलं की आपल्याकडं सगळेच ड्रिपमधनं ०-०-५० हे पोटॅशचं खत सोडतात, गोडी आणि वजनासाठी, ती सवय हातातच बसलीय, दादानं पोती आणून पण ठेवलेली. मी म्हणलं खालच्या प्लॉटला एक चमचा पण नको. कारण असं आहे की पोटॅश मण्यात जातं, सालीत साठतं, आणि रसात आलं की टार्टारिक ॲसिडला धरून त्याचे खडे करतं. ॲसिड गेलं की पीएच चढला. पीएच चढला की रंग गेला, चव सपाट, आणि जंतूंना मोकळं रान. म्हणजे मातीतनं वाईनमधे येतं ते असं येतं, पोटॅशच्या आणि पाण्याच्या वाटेनं. लोक म्हणतात ना दगडाची चव लागते ग्लासात, दगड काय विरघळून मण्यात जात नाही.

दादा : "मग गोडी कशानं यायची?" म्हणलं फेब्रुवारीच्या उन्हानं, फुकट. पोती थॉमसनला गेली.

२० डिसेंबर

वरच्या प्लॉटचं पाणी तोडत आणलंय. मणी ज्वारीएवढे झाल्यापासून रंग फिरेपर्यंत ताण दिला तर मणी बारीक राहतो, आणि बारीक मणी म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त, रंग आणि टॅनिन तर सालीतच असतं. मुरमात हे जमतं, ड्रिप बंद केलं की चार दिवसात शेंडे थांबतात. काळ्या रानात ड्रिप बंद करून काय फरक पडत नाही, माती खालून पाणी पाजतच राहते, आणि एकदा खरंच वाळली की एकदम भेगा. मधलं काही नाहीच.

म्हणून खाली पाण्याऐवजी पानं काढली, सकाळच्या उन्हाच्या बाजूची फक्त. दुपारची बाजू उघडी टाकली असती तर घड भाजले असते.

१४ जानेवारी

संक्रांत. रंग फिरतोय. वरचे घड निम्म्याच्या वर काळे, खालचे अजून हिरवे-गुलाबी असे कबरे.

मावसभाऊ तिळगूळ घेऊन आला आणि खडा टाकून गेला. म्हणाला, "तू माती माती करतेस, पण तुझ्या दोन प्लॉटचे खुंट पण वेगळे आहेत की. पोटॅश काळं रान देतंय का डॉगरिज ओढतंय, कसं सांगणार?" बरोबर आहे. डॉगरिजच्या जातीचे खुंट पोटॅश जास्त उचलतात, ११० आर कमी उचलतो, हे माहीतच आहे. मग आठवलं की खालच्या प्लॉटमधे जी तुटाळ (मेलेल्या वेलींच्या जागा) भरली होती ती ११० आर च्या रोपांनी भरलीय, डॉगरिजची कलमं तेव्हा मिळाली नव्हती. त्या वेली आता फळाला आल्यात. सगळ्यांना लाल रिबीन बांधून आले. त्यांचा माल वेगळ्या क्रेटमधे.

२४ फेब्रुवारी

सॅम्पल. दोनशे मणी पिशवीत दाबून रस काढला. खालचा ब्रिक्स (रसातली साखर) २३ च्या आसपास, वरचा २४. बी चावून बघितली, वरची खुटखुटीत आणि तपकिरी, खालची अजून एका बाजूनं हिरवी. साखर आली पण बी पिकली नाही, हे गरम हवेचं नेहमीचंच, साखर पळते पुढं. पण आता थांबलं तर दुपारी ३५ च्या वर जातंय, मॅलिक ॲसिड उन्हात जळून जातं आणि पीएच अजून वर. तोडायचं.

२७ फेब्रुवारी

तोडणी पहाटे चारला, डोक्याला बॅटरी लावून. ऊन यायच्या आत सगळे क्रेट पलूसला पोचले. उशीर झाला असता तर गरम मालाला टाकीतच गार करत बसायला लागलं असतं.

आकडे :
वरचा मुरमाड : ब्रिक्स २४.२, पीएच ३.५७, ॲसिड लिटरला ६.१ ग्रॅम.
खालचा काळा, डॉगरिज : ब्रिक्स २३.४, पीएच ३.९१, ॲसिड ४.६ ग्रॅम.
खालचा काळा, रिबीनवाल्या ११० आर वेली : पीएच ३.७४.

तिसरा आकडा बघून मी मीटर परत बफरला लावून परत मोजलं. तेच. म्हणजे वरच्या-खालच्यातला जो फरक आहे त्यातला निम्मा खुंटाचा निघतोय. आता हे एका बादलीचं सॅम्पल आहे, वेली पण तरण्या, त्यांच्यावर पानं कमी, त्यामुळं लगेच बोर्ड लावायला नको, पण "काळ्या रानाचा दोष" म्हणून आपण जे बोंबलत होतो त्यातलं बरंच आपणच नर्सरीतनं आणलेलं होतं असं दिसतंय. मावसभावाला फोटो पाठवला मीटरचा. त्यानं फक्त हसण्याचा इमोजी पाठवला.

देठ वेगळे काढून माल टाकीत, केएमएस (सल्फर सोडणारी पावडर) दोन्हीकडं सारखं, सल्फर डायऑक्साइड ५० पीपीएम बसेल एवढं.

२८ फेब्रुवारी

सगळं सेम करायचं ठरलं होतं, पण ३.९१ ला यीस्ट घालणं म्हणजे व्हिनेगरला आवतण. म्हणून खालच्या टाकीत टार्टारिक. आधी चार मापांत लिटरला १, २, ३, ४ ग्रॅम असं घालून बघितलं, साडेतीनला ३.६० येतोय.

आधीच का घालायचं, नंतर का नाही, तर टार्टारिकचे खडे बसताना पीएच कुठल्या बाजूला जाणार ते साधारण ३.६५ च्या अलीकडं आहात का पलीकडं त्यावर ठरतं. अलीकडं असाल तर खडे बसताना पीएच अजून उतरतो, पलीकडं असाल तर चढत जातो. त्यामुळं सुरुवातीलाच उंबरा ओलांडून आत यायचं. नंतर घातलेलं ॲसिड वाईनमधे वेगळं बसतं, जिभेवर टोचतं.

वरच्या टाकीत काहीच घातलं नाही. यीस्ट दोन्हीकडं एकच, एकाच पाकिटातलं.

४ मार्च

चोथा वर येऊन टणक थर झालाय. दिवसातनं तीनदा दांड्यानं खाली दाबायचा. वरच्या टाकीचा थर फोडताना वास मिरीचा, काळ्या जांभळाचा, हात जांभळा होतो तो साबणानं जात नाही. खालच्या टाकीचा वास जास्त गोड, शिजवलेल्या फळासारखा.

दुपारी लाईट गेली, चिलर बंद, खालची टाकी ३२ वर. पस्तीसच्या पुढं गेली की यीस्ट दमतं आणि साखर अर्धवट राहते. दादानं बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पंपानं खालचा रस वर फिरवला. २९ ला आली. जनरेटर आला तेव्हा गरज संपली होती.

आत्याची सूचना : बॅरल हरिपूरच्या पेवात ठेवा, हळद राहते तर वाईन का नाही. कल्पना वाईट नाही तशी, जमिनीखाली गारवा बारा महिने सारखा. पण २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली, आणि आहेत त्यात उतरायचं म्हणजे आधी कंदील सोडून बघायचं, आत हवा आहे का. तीच गोष्ट इथं टाकीची. चोथा उपसायला आत उतरायचं तर आधी पंखा लावून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा, बाहेर दुसरा माणूस उभा पाहिजेच. ह्यात चेष्टा नाही.

८ मार्च

हायड्रोमीटर दोन्हीकडं ०.९९५ च्या खाली. साखर संपली. दाबून काढलं. आपोआप वाहिलेली वाईन वेगळी, प्रेसची वेगळी. खालच्या टाकीची प्रेसची वाईन कडवट आहे, त्या हिरव्या बियांचं देणं. ती यात घेणार नाही.

१९ एप्रिल

मॅलोलॅक्टिक चालू होतं महिनाभर. म्हणजे बॅक्टेरिया मॅलिक ॲसिडचं लॅक्टिक करतात, आंबटपणा कच्च्या कैरीकडनं ताकाकडं येतो. तपासायला पेपर क्रोमॅटोग्राफी : कागदाच्या खालच्या कडेला वाईनचे ठिपके द्यायचे, कागद बरणीतल्या द्रावणात उभा करायचा, रात्रभर ठेवायचा (वास असा की आईनं बरणी गोठ्यात ठेवायला लावली) आणि सकाळी वाळला की निळ्या-हिरव्या कागदावर पिवळे डाग उमटतात, खालचा टार्टारिक, मधला मॅलिक, वरचा लॅक्टिक. आज दोन्हीच्या रांगेत मधला डाग गायब. झालं काम.

पण ह्यात पीएच थोडा चढतोच. वरची ३.६६, खालची ३.७५. खालच्या वाईनला लिटरला अजून एक ग्रॅम टार्टारिक घातलं.

आणि आता सल्फरचा हिशोब. जंतूंना मारतो तो मॉलिक्युलर भाग, आणि तो पीएचवर ठरतो. ३.५ ला फ्री (मोकळं, कशाला न बांधलेलं) सल्फर २५ पीपीएम पुरतं, तेवढ्याच संरक्षणाला ३.८ ला ५० लागतं. म्हणजे काळ्या रानातला पोटॅश शेवटी बाटलीतल्या सल्फरच्या आकड्यात येऊन बसतो. लेबलवर कोण हे लिहित नाही.

२ मे

बॅरल. २२५ लिटरचा, फ्रेंच ओक, दुसऱ्या वायनरीकडनं वापरलेला. उन्हाळ्यात कोरडा पडून फळ्या आकसलेल्या, गरम पाणी भरून ठेवलं तेव्हा कुठं गळायचा थांबला.

यात वरची मुरमाडच घालायची. खालची स्टीलच्या टाकीतच राहील. दादाला वाटतं ओकनं खालच्या वाईनला अंग येईल. मला ते पटत नाही. जुन्या लाकडात ब्रेटानोमायसिस यीस्ट लपून बसलेलं असू शकतं, जास्त पीएचच्या वाईनमधे ते माजतं आणि मग तबेल्याचा, बँडेजपट्टीचा वास. कमजोर वाईनला लाकूड लावून ती सुधारत नाही, लाकडाची होते.

११ जून

बॅरलमधे भर घातली. मे महिन्यात आपल्याकडची हवा एवढी कोरडी की एसी लावून पण पातळी उतरतेच. कोरड्या हवेत दारूपेक्षा पाणी जास्त उडतं, म्हणून वाईन थोडी कडक होत जाते. आता पाऊस आला की हे कमी होईल.

खालच्या वाईनची टाकी बदलली. रिकाम्या टाकीच्या भिंतीला टार्टारिकचे खडे बसलेत, जांभळ्या खडीसाखरेसारखे, नखानं निघत नाहीत, गरम पाण्यानं धुवावे लागले. वरच्या टाकीत याच्या पाव पण नव्हते. जो पोटॅश आपण नोव्हेंबरात देठात मोजला तो इथं डोळ्यानं दिसला.

६ ऑक्टोबर

आज चव. पांढऱ्या कागदावर दोन ग्लास तिरके धरले. वरची कडेपर्यंत लाल. खालचीची कड जांभळट-निळसर आणि मधला रंग पण पातळ, ॲसिड घालून सुद्धा. पीएच चढला की लाल रंगद्रव्य निळ्याकडं झुकतं आणि फिकं पडतं, ते हेच.

चवीला वरची ताठ, मिरी, टॅनिन अजून हिरडीला धरतं, तिला वर्षभर तरी बाटलीत पाहिजे. खालची मऊ, भरलेली, पहिल्या घोटाला सगळ्यांना तीच आवडली, अण्णांना पण. दुसऱ्या ग्लासाला मात्र कुणी तिच्याकडं गेलं नाही, शेवट लवकर संपतो तिचा.

मग मोजपात्रात मिसळून बघितलं. निम्मं-निम्मं सपाट. नव्वद-दहाला फरक कळत नाही. सत्तर वरची, तीस खालची, इथं मजा आली, ताठपणा राहिला आणि मधली पोकळी भरली. वहिनीनं न सांगता ग्लासांची जागा बदलून परत पाजलं, तरी अण्णा आणि मी दोघांनी सत्तर-तीसच उचलला. दादानं नुसती खालची उचलली आणि म्हणाला हीच बॅरलवाली.

९ ऑक्टोबर

सत्तर-तीस करून टाकीत सोडलं, खालची उरेल ती मावसभाऊ त्याच्या रोझेच्या (गुलाबी वाईनच्या) ब्लेंडला घेतोय, दर ठरायचाय. जानेवारीत बाटल्या.

बागेत : खालच्या प्लॉटच्या कडेच्या चार ओळी डॉगरिजच्या काढून तिथं ११० आर चे खुंट लावायचे, फेब्रुवारीत, कलम पुढच्या वर्षी. अण्णा म्हणाले सगळाच प्लॉट का नको. म्हणलं आधी चार ओळी फळाला येऊ देत, बादलीऐवजी टाकीभर माल मिळू दे, मग बोलू. ०-०-५० खाली यंदा पण बंद.

उद्या छाटणी.